रामघाटावर एका पायाचा स्टँड आणि दोन हट्टी बायका

उज्जैनला जायचं ठरलं ते नंदूताईच्या एका फोनमुळे. नंदूताई माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्नानंतर कायमची उज्जैनची झालेली. गेलं वर्ष तिचं किमोथेरपीत गेलं. फोनवर तिने ना प्रकृतीचं काही सांगितलं, ना माझी चौकशी केली.

"अनू, मला माझा फोटो काढवून घ्यायचाय. घाटावर. अशीच, बिना केसांची. इथे सगळे म्हणतात, बाल येऊ दे पहिले. तू येऊन जा."

"माझा खांदा माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर तुलाच बोलवून राहिलेय."

स्कूटरवरून पडून माझ्या उजव्या खांद्यात प्लेट बसली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून कॅमेरा डोळ्याला लावला की थोड्याच वेळात हात थरथरतो. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर मला प्रेमाने सुचवण्यात आलं होतं, "ताई, आता मोबाईलवर काढत जा." प्रेमाने केलेल्या सूचना मला फार लागतात. मी दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड घ्यायला गेले.

दुकानदाराने समोर ठेवला तो ट्रायपॉड मला टेबलावरून उचलवेना. "हलका घेतलात तर वाऱ्याने हलेल, मॅडम. उचलायला मिस्टर असतीलच ना सोबत?"

"मिस्टर आहेत, पण ते माझे हमाल नाहीत. हलके दाखवा."

ज्यांना माझ्यासारखीच अडचण आहे त्यांच्यासाठी सांगते. वजनाचा आकडा वाचून घेऊ नका. दुकानातच स्वतः उघडा, स्वतः मिटा आणि खांद्याला लावून जिना चढून या. मी तेच केलं, दुकानदार बघत राहिला. पिळून घट्ट करायचे पाय माझ्या मनगटाला जमले नाहीत, म्हणून खटक्याने बंद होणारे घेतले. कार्बन फायबरचा, मिटला की पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारा. मधला दांडा शक्यतो वर काढायचा नाही, तो काढला की कॅमेरा डोलतो. वाऱ्याने हलू नये म्हणून खाली हूक असतो, त्याला आपलीच सॅक लटकवायची. सोबत एक मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची प्लेट दोन्हींना एकच चालेल असं बघून घेतलं, नाहीतर ऐन वेळी स्क्रू फिरवत बसावं लागतं. दोन्ही मिळून माझ्या हिशेबाला जरा जास्तच पडलं. पडू दे.

पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी उज्जैनवरूनच जाते, बदलायची भानगड नाही. स्टेशनच्या पलीकडेच फ्रीगंज, तिथे नंदूताईचं घर. दार तिनेच उघडलं. डोक्याला स्कार्फ, चेहरा उतरलेला, आवाज मात्र तोच. "इतकीशी बॅग? मला वाटलं, तू तर पूरा स्टुडिओ घेऊन येशील."

घरात तिच्या धाकट्या जाऊबाई होत्या, शोभावहिनी. नंदूताईच्या आजारपणात तिचं पथ्यपाणी, औषधं सगळं ह्याच बाईंनी केलं होतं, म्हणून त्यांचा राग करणं अवघड होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अनूताई, तुम्ही तरी समजवा ना. असा फोटो कशाला? उद्या तिलाच पाहून बुरं वाटेल."

"तिने समजावायला नाही बोलावलं मला," मी म्हणाले.

त्या दिवशी सोमवार होता, म्हणून फिरलो नाही. महाकालच्या मंदिरात कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि सोमवारी तर तिकडे गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तुम्ही जाल तर वार बघून जा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ई-रिक्षा केली. भाडं आधी ठरवा, आणि शेवटचा थोडा रस्ता चालायची तयारी ठेवा. शोभावहिनीही आल्या, शाल आणि पाण्याची बाटली घेऊन. रामघाटावर पूजा सांगणारे, ओल्या कपड्यांनी वर येणारे यात्रेकरू, क्षिप्रा नदीवर पातळ धुकं. नंदूताई मोहरी रंगाची साडी नेसली होती. ती पाण्याजवळच्या पायरीवर बसली. मी दोन पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या, असा ट्रायपॉड लावला आणि एक म्हातारी त्यात अडखळता अडखळता वाचली.

घाटावरचा गार्ड लगेच आला. "मैडम, स्टैंड हटाइए. यहाँ नहीं लगेगा."

त्याचं बरोबर होतं. मी मुकाट्याने ट्रायपॉड मिटला आणि कॅमेरा मोनोपॉडवर चढवला.

"ये भी स्टैंड ही है. ये भी नहीं."

"एक पैर का है, भैया. किसी के रास्ते में नहीं आता."

"नहीं मतलब नहीं."

माझा खांदा आधीच ठणकायला लागला होता. हातात धरून त्या अंधुक उजेडात एकही फोटो स्थिर आला नसता. मी काही बोलणार तेवढ्यात नंदूताई उभी राहिली. तिने स्कार्फ सोडला, घडी केली, वहिनींच्या हातात दिला.

"भैया, इनका कंधा टूटा हुआ है, ये इनकी लाठी समझ लो. और मेरा हाल आप देख ही रहे हो. फोटो निकाले बिना मैं यहाँ से नहीं उठूँगी. बुलाना हो जिसको बुला लो."

पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. शोभावहिनींनी घाईघाईने तिचा पदर डोक्यावर ओढला. "भाभी, लोक पाहून राहिलेत!"

नंदूताईने पदर खाली घेतला. "तर पाहू दे ना."

गार्ड एक पायरी मागे सरकला. मग म्हणाला, "जल्दी कर लीजिए, माताजी," आणि आमच्याकडे पाठ करून, येणाऱ्यांना बाजूने जायला सांगत उभा राहिला.

पहिले सगळे फोटो हलले. मी स्क्रीनवर एकेक बघितला. ही बाई माझ्या भरवशावर सगळ्यांसमोर डोकं उघडं करून बसली होती. मोनोपॉडचं टोक मी दगडाच्या खाचेत रोवलं, दांडा मांडीला टेकवला, कोपर बरगडीत घट्ट दाबलं, श्वास सोडला.

"हसायला सांगू नको मला," ती म्हणाली.

"नाही सांगत."

बटण दाबलं. ह्या वेळी तिच्या पापण्यांचे नुकते फुटलेले बारीक केससुद्धा स्पष्ट आले. ती थेट कॅमेऱ्यात बघत होती, कुणाचीही परवानगी न मागता. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. ती स्क्रीनवर वाकली आणि म्हणाली, "हो. ही मी आहे."

मग घाटाच्या रिकाम्या टोकाला जाऊन ट्रायपॉड परत उघडला, खाली सॅक लटकवली, टायमर लावला आणि आम्हा दोघी बहिणींचा एक काढला. परतताना देवास गेटजवळ पोहे-जलेबी खाल्ली. नंदूताईला अजून चव लागत नाही, तरी तिने जलेबी संपवली. शोभावहिनी काही खाईनात. शेवटी नंदूताईनेच त्यांच्या हातात प्लेट ठेवली. "रडायचंय तर खाऊन रड." त्या रडल्याही आणि खाल्लंही.

पुण्याला येऊन आता पंधरवडा होईल. खांदा चार दिवस वर उचलता आला नाही, फिजिओथेरपिस्ट बाईंची बोलणी खाल्ली. तरी पुढचा प्रवास ठरवताना हीच जोडी नेणार. पायऱ्या आणि गर्दी असेल तिथे मोनोपॉड, मोकळी जागा मिळाली की ट्रायपॉड. नंदूताईची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काय निघेल ते आम्हाला कुणालाच माहीत नाही.

काल तिने घाटावरचा तो फोटो सासर-माहेरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिच्या मोठ्या दिरांनी लगेच लिहिलं, "घरात लग्नकार्य आहे. असा फोटो बरा दिसत नाही. काढून टाकावा."

मग नंदूताईने आमच्या दोघींचा फोटोही टाकला. त्यात तिचं उघडं डोकं उन्हात चमकतंय आणि माझा उजवा खांदा सरळ खाली गेलेला दिसतोय.