दंडावरचा गेरू

जोरात हसलं की माझा दमा उठायचा. त्यामुळे घरात कुणी गंमत केली, की आई आधी माझ्याकडे बघायची.

अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. माझी अ‍ॅलर्जी त्यांची निघाली. त्यांचाच अर्क थोडा थोडा वाढवत टोचला, की शरीराला त्याची सवय होते, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. दर आठवड्याला इंजेक्शन, आणि नंतर अर्धा तास तिथंच बसायचं, काही त्रास होतो का बघायला. मला नांदेडला कॉलेजचं हॉस्टेल मिळालं होतं, पण दर आठवड्याला येणार कसं? त्या दिवशी पहिला पूर्ण डोस होता. तो सोसला, तर पुढचं इंजेक्शन महिन्यानं. म्हणजे नांदेड!

सोबत बाबा होते, सकाळी मेंढ्यांना लस टोचून तसेच आलेले. टोचलेल्या मेंढीला आम्ही गेरू लावतो, तिलाच परत टोचू नये म्हणून. मला इंजेक्शन टोचून झालं, तेव्हा इथं सिस्टर दोन आहेत हे बघून बाबांनी खिशातला गेरू काढला, ओला केला आणि माझ्या दंडावर ठसठशीत पट्टा ओढला. मला लाज वाटली, पण त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. मी बाही खाली ओढली.

अर्ध्या तासानं सिस्टरनी बाही वर केली. “सर, लवकर या! दंड लालभडक झालाय!”

डॉक्टर धावत आले. मी “ते... गेरू...” म्हणत होते, पण ऐकतंय कोण?

“गेरू हाय तो,” बाबाच मोठ्यानं म्हणाले. “टोचलेली वळखू यावी म्हणून.”

“काहून पण?” सिस्टरनी विचारलं.

“तुमी दोघी हाव ना. दोनदा टोचलं म्हंजी?”

डॉक्टर ओल्या कापसानं पुसू लागले. मी मान फिरवली. खालीही लाल असलं तर?

खाली डास चावल्याएवढी गांध होती, बस्स. डॉक्टरांनी छाती तपासली. “छान. आता महिन्यानं या. गेरू घरी ठेवून.”

“मंग हिला दुसऱ्या कळपात सोडू?” बाबांनी विचारलं.

“सोडा. दम्याचा पंप मात्र सोबत द्या.”

एसटीत मला हसू आवरेना. “लई हसून राहिली, माय. दम लागंल,” बाबा म्हणाले. सवयीनं माझा हात पिशवीतल्या पंपावर गेला. मी वाट बघितली. खोकला आलाच नाही. मग मी पुन्हा हसले, आणखी जोरात.