दीड दिवसावरचं माहेर

सांताक्रूझच्या विमानतळावर आई माझ्या ओटीतले तांदूळ रुमालात बांधत होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, तिला अंतर समजावत होते. मुंबई ते लंडन पाच हजार मैल, मध्ये कैरो आणि जिनिव्हा. "सगळं मिळून दीड दिवस. बोटीला तीन आठवडे लागतात. आता लंडन लांब राहिलंच कुठे?"

आमच्या लोणावळ्याच्या घरी काम करणाऱ्या, भाजे गावच्या सखूमावशीही निरोपाला आल्या होत्या. विमानाकडे बघत त्यांनी विचारलं, "आन् मदीच दम लागला तर ते कुटं टेकतंय?"

"कैरोला चहा पितं, मावशी," दादा हसले.

"पिऊ द्या. पर पोरगी पयल्या बाळंतपणाला हितंच यायची, व्हय ना?"

"म्हणजे काय! दीड दिवस तर लागतो."

या दीड दिवसाच्या जोरावरच मी लग्नाला हो म्हटलं होतं. पुण्याच्या कॉन्व्हेंटात असताना दर शनिवारी गाडीने घरी पळणारी मुलगी मी. दादांना ते ठाऊक होतं. स्थळ आलं तेव्हापासून आजाऱ्याला औषधाच्या वेळा सांगाव्यात तशा ते मला विमानाच्या वेळा सांगत.

लंडनला दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅसची शेगडी, रेशनची अंडी. लोणावळ्यासारखं इथेही धुकं पडतं, पण त्याला कोळशाचा वास येतो. मला दिवस गेले तेव्हा ह्यांनी आपणहून तिकिटाची सोय केली. डॉक्टरीणबाईंनीही जायला हरकत नाही म्हटलं. मी तसं कळवलं. दादांचं उत्तर आलं, "इतक्या लांबचा प्रवास अवघडलेल्या बाईने करू नये. तिथली इस्पितळं उत्तम आहेत." त्यांना माझी काळजी वाटते, असंच मी समजले.

त्याच सुमारास माहेरच्या शेजारचा वसंत शिकायला लंडनला आला. रविवारी त्याला जेवायला बोलावलं. पिठलं ओरपत तो म्हणाला, "ताई, तुमच्या खोलीतले मुंबईचे शेठ पहाटे भजनं काय भसाडी म्हणतात हो! हवापालटाला आलेत, पण आमची झोप पालटली."

"केव्हा आले ते?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. तुमचं लग्न ठरलं तेव्हाच दादांनी खोली त्यांना भाड्याने कबूल केली होती ना?"

मी त्याला भात वाढला आणि कॉलेजची चौकशी केली.

मुलगी इथल्या इस्पितळात झाली. आता दादा लिहितात, नातीला घेऊन चार दिवस ये, दीड दिवस तर लागतो. अजून मी उत्तर दिलेलं नाही. आईला यातलं किती ठाऊक होतं, हे विचारायचं माझं धाडस होत नाही.

घरमालकीण म्हणते, पाळणा तुमच्या खोलीत घ्या, धाकटी खोली एखाद्या विद्यार्थ्याला द्या. मी नको म्हणते. ही खोली मुलीची आहे. उद्या मोठी होऊन ती कुठेही जाईल. परत यावंसं वाटलं, तर बाहेर उभं राहून तिला विचारावं लागू नये, आत कोण आहे म्हणून.