धुक्यातलं व्हेरे आणि आईचं माहेरचं नाव

आईने घराच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या आणि मग दिवसभर आमच्याबरोबर शोधल्याही. त्याआधी माझ्या नवऱ्याला, निखिलला, तिने दोनदा माझ्या काकांच्या नावाने हाक मारली होती. ती पुण्याहून ॲमस्टरडॅमजवळ आमच्याकडे राहायला आलेली, आम्ही ते नवखेपणा म्हणून हसण्यावारी नेलं. किल्ल्या सापडल्यावर मात्र कुणी हसलं नाही. मी हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरची, मंगळवारची वेळ घेतली आणि आईला सांगितलं की गुडघे दाखवायला जायचंय.

त्याच सुमारास मोरॅगचं निमंत्रण आलं. मोरॅग माझ्या ऑफिसातली, मूळची स्कॉटलंडची, आणि फावल्या वेळात मेलेल्या माणसांच्या मागे लागणारी. घराण्यांच्या वंशावळी शोधणं हा तिचा छंद. झीलंड प्रांतातल्या व्हेरे या गावात जुन्या काळी स्कॉटिश लोकर उतरायची, स्कॉटिश व्यापारी तिथे घरं बांधून राहायचे. त्या लोकांवर ती शनिवारी तिथेच भाषण देणार होती. "आईला घेऊन ये," ती म्हणाली. "आम्ही जे कॉम्प्युटरवर करतो ते त्या तोंडी करतात, असं तूच सांगतेस ना?"

खरंच सांगायचे. पुण्यात कुठल्याही लग्नात आईला कुणाच्याही शेजारी बसवा, तिसऱ्या प्रश्नाला नातं निघायचं. "म्हणजे तू आमच्या सुमनच्या नणंदेची धाकटी जाऊ!" समोरचा माणूस वरणभात विसरून बघत राहायचा. म्हटलं, अशा गप्पांत बसली तर खुलेल. आणि खोटं कशाला बोलू, डॉक्टरच्या आधी मलाच तिची परीक्षा घ्यायची होती.

जाणार असाल तर सांगते. ॲमस्टरडॅमहून मिडलबर्गपर्यंत थेट गाडी मिळते, अडीच तासांच्या आसपास. चार-पाच जण असाल तर गटाचं तिकीट काढा, फार स्वस्त पडतं. मिडलबर्ग स्टेशनहून व्हेरेची बस वीसेक मिनिटांत पोचवते, पण हिवाळ्यात ती तासाला एखादीच असते, तेव्हा परतीची आधी बघून ठेवा. आम्ही दोघी डीमनहून, म्हणजे ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आमच्या गावाहून, सकाळी निघालो, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी.

रोझेनडाल स्टेशन मागे पडल्यावर मी हळूच विचारलं, "आई, सुमनमावशीची मोठी सून कुठली गं?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "किती धुकं आहे नाही?" म्हणाली.

धुकं होतंच. व्हेरेला उतरलो तेव्हा चर्चचा वरचा भाग दिसेनासा झाला होता. नोव्हेंबरात या गावात चिटपाखरू नसतं. उन्हाळ्यात होड्यांनी गजबजणारा धक्का आमच्या दोघींचाच होता. बेकरी उघडी होती, तिथे बोलुस खाल्ला. दालचिनी आणि साखरेच्या पाकात लोळवलेला हा चिकट पाव चुकवू नका. "गूळपोळीची चुलतबहीण," आई बोटं चाटत म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला.

चर्चजवळ एक जुना पाण्याचा हौद आहे. चर्चच्या छपरावरचं पावसाचं पाणी इथे साठवायचे, लोकर धुणाऱ्या स्कॉटिश व्यापाऱ्यांसाठी. मी फोटो काढत होते, तेवढ्यात आई कठड्यावर वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हो, आले!"

"कुणाला ओ दिलीस?"

"हाक मारली ना कुणीतरी."

तिथे कुणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण लहानपणी हिनेच आम्हाला बजावलं होतं, अनोळखी जागी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. मी तिला दंडाला धरून तिथून जवळजवळ ओढतच आणलं.

भाषण धक्क्यावरच्या एका जुन्या घराच्या माडीवर होतं. पंधरा-वीस म्हातारी डच मंडळी, चहाचा थर्मास, करकरणारी लाकडी जमीन. प्रवेश सगळ्यांना मोकळा. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला खिडकीजवळ एक उंच पाठीची रिकामी खुर्ची. प्रोजेक्टरसाठी दिवे मालवले. मोरॅग एकेक थडग्याचा दगड दाखवत होती आणि मी आईच्या कानात मराठीत सांगत होते.

"आमच्याकडे बाई लग्न करून जायची," मोरॅग म्हणाली, "पण दगडावर नाव माहेरचं. नवऱ्याशेजारी पुरलेली असली तरी. म्हणून तर आम्हाला आमच्या आज्या-पणज्या सापडतात."

हे मी आईला सांगितलं. थोड्या वेळाने बघते तर तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती खिडकीकडच्या खुर्चीशी बोलत होती. हळू आवाजात, मराठीत, मधे मधे थांबून. समोरच्याला बोलू द्यावं तशी थांबून, मान डोलावून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने न बघता बाजूला केला. मी तशीच बसून राहिले. चारचौघांत काय करणार?

भाषण संपता संपता तिने पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. बाबा गेले तरी आईने कुंकू सोडलं नाही, आणि परदेशात कुणी भेटली तर लावायला हवं म्हणून करंडा इथेही आणलाय. तिने करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं आणि खुर्चीच्या दिशेने हात नेला. हात हवेत एका जागी थांबला. टेकल्यासारखा. मग तिने नमस्कार केला.

दिवे लागले. मी सॉफ्टवेअर तपासून पोट भरते, पुरावा बघायची सवय हाडीमाशी खिळलेली. सुकं कुंकू हवेत लावलं तर खाली पडणारच. मी गुडघ्यांवर बसून खुर्ची बघितली, गादी बघितली, खालच्या फिकट फळ्या मोबाइलच्या उजेडात बघितल्या. लाल कण नव्हता. आईच्या बोटावर मात्र जेमतेम लाली उरली होती.

"कोण होती गं?"

"नाव नाही सांगितलं. माझं माहेरचं विचारलं तिने." आई करंडा बंद करत होती. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, द्वारका."

आईचं नाव मृणालिनी. लग्नात ताटभर तांदळात बाबांनी ते अंगठीने लिहिलं आणि द्वारका संपली. तिचं माहेरचं आडनाव मी फक्त बँकेच्या सुरक्षेच्या प्रश्नाला टाइप करायचे. पहिलं नाव तर विसरूनच गेले होते. मामा तेवढा "द्वारके" म्हणायचा, तो गेल्यावर तेही नाही.

मोरॅग थर्मास आवरत होती. "तुझी आई आणि ती शेजारची बाई, काय रंगल्या होत्या गप्पांत!"

"कोणती बाई?"

ती थांबली. "नव्हतं कुणी? प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांवर होता माझ्या. मला वाटलं कुणी बसलंय."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या माडीवर, आयुष्यात पहिल्यांदा, मला मनापासून वाटलं की भूत असू दे. त्या खुर्चीत कुणी असेल तर माझी आई ठणठणीत होती. आणि कुणी नसेल, तर त्या किल्ल्यांपासून पुढे काय होणार हे मला कळत होतं. बसथांब्यावर धुक्यात उभी राहून मी त्या घराच्या खिडक्यांकडे बघत होते आणि कुणीतरी दिसावं म्हणून चक्क आळवणी करत होते. दिसलं कुणी नाही. बस वेळेवर आली.

गाडीत आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

मंगळवारी डॉक्टरने तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने सुरेख गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. मग त्याने नाव विचारलं. "द्वारका," आई म्हणाली. त्याने कागदावर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहू लागला.

"ते बरोबर आहे," मी जरा जोरातच म्हटलं. "तेही तिचंच नाव आहे."

त्याने ते ऐकून घेतलं आणि तरीही पुण्यातल्या मेंदूच्या तज्ज्ञासाठी चिठ्ठी दिली. आईचा व्हिसा संपेल तेव्हा मी तिच्याबरोबर जाणार आहे, काही महिने तिथूनच काम करेन. आईला काय होतंय ते आता मला माहीत आहे, आणि त्या फळ्यांवर कुंकू का नव्हतं हे अजूनही माहीत नाही.

व्हेरेला जरूर जा. शक्यतो उन्हाळ्यात जा.

आईला तो प्रवास आठवत नाही, बोलुससुद्धा नाही. कधी कधी ती "आई" अशा हाकेला ओ देत नाही. मग मी "द्वारका" म्हणते, आणि ती लगेच वळून बघते. परवा दुपारी मी भांडी घासत होते. घरात आम्ही दोघीच. आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "हो, आले!"

मी हाक मारली नव्हती. ओल्या हातांनी धावत गेले. ती पलंगावरून उठून उभी होती, पदर सारखा करत, खिडकीकडे तोंड करून.

"कुणी गं हाक मारली?" तिने विचारलं.

मी तिचा हात घट्ट धरला. "मीच," म्हटलं. "मीच मारली. बस इथे."