भरल्या पायलीवरची शीग

बापूराव मास्तरांनी कुणाच्या वहीवर ‘व्हेरी’ लिहिलेलं मी पाहिलं नाही. वाशीमच्या शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवत. निबंधात कुणी ‘व्हेरी गुड’ लिहिलं की त्याला उभं करत. “कायले लावलं रे हे व्हेरी? नुसतं गुड म्हटलं तर काय बिघडते?”

बाजारात धान्य मोजणारा पायली भरल्यावर वर आणखी ढीग चढवतो, ती शीग. मास्तर हवेतल्या हवेत ती शीग तळहाताने सपाट करून दाखवत. “गुड म्हंजे भरली पायली. व्हेरी म्हंजे वरची शीग. घरी नेईस्तोवर सांडते ते, गड्याहो.” आणि ‘फेअर’ म्हणजे अर्धी पायली. मी फेअर होतो.

त्यांनी ‘गुड’ म्हटलेला मुलगा एकच, इंझोरीचा गणपत. माझ्या एक वर्ष पुढे. तो वाचू लागला की मास्तर खडू खाली ठेवून ऐकत बसत.

गणपत मॅट्रिक झाला त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका वसतिगृहाचे चिटणीस आले. दरसाल आमच्या भागातला एक मुलगा ते कॉलेज संपेपर्यंत फुकट ठेवून घेत. गणपतच्या घरून अमरावतीचा खर्च होणारा नव्हता, तेव्हा जे काय व्हायचं ते याच जागेवर. चिटणिसांनी विचारलं, “मुलगा कसा आहे?” मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, “गुड.” पुढे आणखी काही येईल म्हणून चिटणीस थांबले. मास्तरांच्या लेखी सांगायचं काही उरलंच नव्हतं. शेजारच्या गावचे मास्तर आपल्या मुलाला ‘व्हेरी व्हेरी गुड’ म्हणाले होते. जागा त्याला गेली.

पुढच्या बाजाराला गणपतचे वडील शाळेत आले. रागावले नाहीत. “मास्तर, बाजारात सपाट पायली देल्ली तर गिऱ्हाईक उठून जाते. तुमाले ठाऊक नव्हतं काय?”

“ठाऊक होतं,” मास्तर म्हणाले.

तेव्हापासून आम्ही ओळीओळीत व्हेरी लिहिलं तरी ते खोडत नसत. वही मिटून परत देत.

दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिक झालो आणि चिटणीस पुन्हा आले. मी शेजारीच उभा होतो. मास्तर जमिनीकडे पाहत म्हणाले, “व्हेरी गुड. व्हेरी, व्हेरी गुड.” चिटणीस खूश झाले. ते गेल्यावर मास्तर मला म्हणाले, “ते तुहं नाही. गणपतचं हाय. जाय, शिकून ये.”

मी बी.ए. झालो. किन्हीराजा गावच्या आमच्या घरात पाटीवर अक्षर काढणारासुद्धा पहिला मीच, त्यामुळे पदवीचा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही. पण कुणी माझं कौतुक करू लागलं की मास्तरांची ती खाली गेलेली नजर आठवते.

मास्तर अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. गणपत त्यांना चमच्याने पेज भरवत होता. इंझोरीहून नांगर सोडून तो रोज येत असे. मला पाहून म्हणाला, “ये बी.ए. चपला बाहीर काढ, मी आताच सारवलं हाय.”

मास्तरांना मला ओळखायला वेळ लागला. मग विचारलं, “काय रे, आता तरी गुड झाला काय?”

गणपतने वाटी खाली ठेवली. “झाला, मास्तर. गुड झाला.”

मास्तरांचा तळहात पांघरुणावरून जरासा वर गेला, हवेत आडवा फिरला आणि खाली आला. त्याच आठवड्यात ते गेले.

मी भेटायला गेलो त्या दिवशी गणपत मला वेशीपर्यंत पोचवायला आला होता. मी म्हटलं, “गणपत, खरंच झालो काय रे?”

“फेअरच हायस तू,” तो म्हणाला. “शीग त्यायच्यासाठी लावली.”