दुबईच्या मापाची कोंबडी

"डॉक्टर, कोंबड्या थांबवा," शेठ फोनवर म्हणाले.

"थांबवा म्हणजे?"

"वाढू देऊ नका. मॅथ्यूसाहेब आठ दिवस उशिरा येताहेत."

मी तेव्हा नाशिकच्या एका पोल्ट्री कंपनीत व्हेटर्नरी डॉक्टर होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शेठ म्हणजे आमचे मालक. मॅथ्यूसाहेब म्हणजे दुबईतल्या एका आयातदाराचे खरेदी अधिकारी, मूळचे केरळचे. त्यांनी चाचणीची ऑर्डर पास केली असती, तर आमचं फ्रोझन चिकन पहिल्यांदाच देशाबाहेर गेलं असतं. अट एकच होती. साफ केलेली कोंबडी एक किलोची हवी, फार तर शंभर ग्रॅम इकडेतिकडे. तिकडे ती अख्खी मशीनवर भाजतात आणि मोठी कोंबडी मशीनमध्ये नीट भाजली जात नाही. शिवाय माल त्यांच्या डोळ्यांसमोरच कापायचा होता. आधी कापून ठेवायची सोय नव्हती.

साफ केल्यावर किलोभर उरायला जिवंत कोंबडी साधारण चौदाशे ग्रॅमची लागते. आमच्या कोंबड्या त्या दिवशी बरोबर चौदाशेवर होत्या. पण ब्रॉयलर या वयात रोज पन्नास-साठ ग्रॅम वाढतो, आणि साहेबांचं तिकीट लांबलंय हे त्याला समजत नाही. वर बारा दिवसांनी श्रावण लागत होता. दुबईने नाकारलं आणि श्रावण लागला, की पाच हजार कोंबड्या आमच्या गळ्यात.

कोंबड्या होत्या चांदवडजवळ, सिंधूबाईंच्या शेडमध्ये. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड आणि मेहनत त्यांची, असा करार होता. कागदावर नाव त्यांच्या यजमानांचं, पण कारभार सगळा बाईंचा. मी त्यांना सांगितलं, आजपासून खाद्य निम्मं.

"निम्मं? आजारी हायेत का?"

"नाही. वजन वाढू द्यायचं नाही."

"आवं डॉक्टरसाहेब, महिनाभर तुमीच म्हनत व्हता ना, वजन वाढवा, वजन वाढवा."

"दुबईला बारीक लागतात."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे. मी खाद्याच्या खोलीला कुलूप लावलं, सुपरवायझरला रोज मोजून पोती काढायला सांगितलं आणि निश्चिंत झालो.

तिसऱ्या दिवशी वजन केलं. पंधराशे साठ. मी काटा बदलून पाहिला. तेच. पाचव्या दिवशी सोळाशे ऐंशी. खाद्य निम्मं आणि वाढ पुरी!

आमच्या धंद्यात एफसीआर नावाचा एक आकडा असतो. किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळी तो दोनच्या जवळ आला तरी आम्ही खूश असायचो. इथे पाच दिवसांचा एफसीआर जवळपास एक येत होता. म्हणजे किलोभर खाद्य घाला, किलोभर कोंबडी घ्या. मी तीनदा गणित केलं. मग, आता सांगायला लाज वाटते, पण मला खरंच वाटलं की आपल्या हातून शोध लागलाय. कमी खाल्लं की पचन सुधारतं, असं कुठेतरी वाचलंही होतं. मी दोन पानी इंग्रजी रिपोर्ट लिहिला आणि शेठना फॅक्स केला.

शेठचा लगेच फोन. "डॉक्टर, याचं पेटंट मिळतं का?"

"बघावं लागेल, शेठ."

"बघा. तोवर मी सगळ्या शेडना सर्क्युलर काढतो."

रिपोर्टला फोटो जोडावा म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅमेरा घेऊन न सांगता चांदवडला गेलो. शेडमध्ये सिंधूबाई घमेल्याने भरडलेला मका टाकत होत्या. मागे त्यांचे यजमान पाठीवर पोतं घेऊन उभे. मला पाहून यजमानांनी पोतं खाली ठेवलं. बाईंनी घमेलं ठेवलं नाही.

"सिंधूबाई, हे काय?"

"मका. घरचा हाय, तुमच्या कंपनीचा नाय."

"मी निम्मं खाद्य सांगितलं होतं!"

"तुमचं निम्मंच घातलं. एक दाना जास्ती नाय. ह्यो आमचा."

"रोज तीन पोती जात्यात," यजमान हळूच म्हणाले. "माझं बी ऐकत नाय ती."

"शेडात पाय टाकला का पाच हजार तोंडं माझ्याकडं बघत्यात," बाई म्हणाल्या. "तुमी नाशकात बसून निम्मं म्हनता. हितं उभे ऱ्हा आन मंग म्हना."

मी उभा राहिलो. कोंबड्या माझ्याकडेही बघत होत्या. वजन तसंही हाताबाहेर गेलं होतं. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. गावातल्या एसटीडी बूथवरून शेठना फोन लावला. "पेटंटचं राहू द्या, शेठ." त्यांनी मक्याची हकिगत ऐकून घेतली. मग विचारलं, "सर्क्युलर परत कसं मागवतात?"

आठव्या दिवशी मॅथ्यूसाहेब आले. प्लांटवर पाच कोंबड्या त्यांच्यासमोर साफ करून तोलल्या. प्रत्येक तेराशेच्या आसपास. त्यांनी आकडे टिपून घेतले. शेठनी त्यांना आग्रहाने सिंधूबाईंकडे जेवायला नेलं. बाजरीची भाकरी आणि त्याच कोंबड्यांचा झणझणीत रस्सा. साहेबांनी कपाळ पुसत तीनदा वाढून घेतलं. "बहुत अच्छा है, अम्मा. उधर ऐसा नहीं मिलता." शेठनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

साहेबांनी हात धुतले, कागद काढला आणि त्यावर 'रिजेक्टेड' असं लिहिलं.

"साहेब, पण आत्ता तुम्ही स्वतः..."

"मैंने तो खाया," ते नम्रपणे म्हणाले. "मशीन नहीं खाएगा."

श्रावणाला चार दिवस उरले होते. आम्ही नाशिकच्या दुकानदारांना फोन लावायला बसलो. तिथे उलटंच चित्र होतं. आखाडाचे शेवटचे दिवस, गावभर पार्ट्या, आणि दुकानदारांना मोठाच माल हवा होता. दोन दिवसांत शेड रिकामी झाली. हे सगळं आपलंच प्लॅनिंग होतं, असं शेठ पुढे कित्येक वर्षं सांगत.

मी मात्र तेव्हापासून एक पथ्य पाळतो. एखाद्या शेडचा आकडा फारच चांगला आला, की लगेच रिपोर्ट लिहीत नाही. आधी न सांगता दुपारचा तिथे जाऊन येतो. त्यातले बरेचसे आकडे तेवढ्यानेच ताळ्यावर येतात.