कठड्याचा पत्ता

आमच्या साडूंना 'नाही' हा शब्द मान्य नाही, आणि अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात या शब्दाचा त्यांच्याइतका कट्टर वैरी दुसरा सापडायचा नाही. साधी माणसं 'नाही' ऐकतात, हळहळतात आणि घरी जातात. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, 'नाही' ऐकतात आणि हातातली पिशवी खाली ठेवतात. मेहकरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला बाबू एकदा म्हणाला, "चिखली गाडी नाही." मागची रांग पांगली. हे खिडकीला कोपर टेकून उभे. "नाई म्हंजे? निंगाली नाई, का येनार नाई, का तुमाले मालूमच नाई? तीन येगयेगळ्या गोष्टी हायेत, साहेब." बाबूला खरोखरच माहीत नव्हतं. त्याने वैतागून आत फोन लावला, तर गाडी डेपोतच चाक बदलत उभी होती.

माझं मलकापुरात कापडाचं दुकान आहे. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं पाप. आम्ही 'उद्या येतंय' म्हणतो. साडूंनी एकदा पंचा मागितला आणि मी सवयीने म्हटलं, "उद्या येतोय." ते बाकावर बसले. "कुठून येऊन राह्यला?" मी काहीतरी पुटपुटलो. "कोन्या गाडीनं?" मी समोरच्या कापडाच्या घड्या घालू लागलो. दुकानात चांगली चार गिऱ्हाइकं बसलेली. "म्हंजे मागवलाच नाई," साडू मोठ्यानं म्हणाले, माझाच चहा प्याले आणि गेले. पण याच खोडीपायी घरातल्या एका लग्नात, 'आत्या आल्याच नाहीत' म्हणून सगळे नाकं मुरडत असताना, या गृहस्थाने मांडवामागे जाऊन आत्यांना शोधून काढलं. म्हातारी आचाऱ्यांजवळ लसूण सोलत बसली होती. तिला कुणी आत बोलावलंच नव्हतं.

असा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असेल? तर चिखलीजवळच्या उंद्रीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी इमारती उभ्या करत असे, संगणकात. खरी वीट लागण्याआधी खांब, भिंती, दारं, खिडक्या, जिने सगळं पडद्यावर रचायचं. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्याने मॉडेलमधल्या एकेका वस्तूला विचारायचं, 'तू कुठं आहेस?' वस्तू आपली जागा सांगते, जागांची यादी होते आणि त्या यादीवरून साइटवरची माणसं सामान बसवतात. मला हे सगळं त्यांनी जेवणाच्या ताटावर वाटी-पेल्याच्या मदतीने समजावलेलं आहे, त्यामुळे चुकलं असेल तर दोष वाटीचा.

त्या रविवारी मी सहकुटुंब उंद्रीला गेलो होतो. साडूंकडे पुण्यातल्याच एका शाळेचं काम होतं आणि संध्याकाळपर्यंत यादी पुण्याला जायची होती. प्रोग्रॅम चालवला. खांबांनी जागा सांगितल्या, दारांनी सांगितल्या, खिडक्यांनी सांगितल्या. जिन्यांचे कठडे मात्र एकजात एकच उत्तर देत होते: नल. म्हणजे काही नाही. साडूंचे कान लाल झाले. "समोर दिसून राह्यला ना हा! अन् मले म्हंते काईच नाई. नाई म्हंजे काय? तू नाई, का तुले जागा नाई, का माह्यं विचारनं चुकलं?" संगणक बाबूइतका भिडस्त नव्हता. तो नलच म्हणत राहिला. आतून मेहुणीबाई जेवायला हाका मारत होत्या आणि साडू कठड्यांची उलटतपासणी घेत होते.

तेवढ्यात पुण्याच्या साहेबांचा फोन आला. साडूंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. साहेब गोड आवाजात म्हणाले, "अहो, नल आलेत ते सरळ काढून टाका. यादी स्वच्छ करा आणि पाठवा. कठड्यांचं साइटवर बघतील."

आमच्याकडची भलीभली माणसं पुण्याचा आवाज ऐकला की 'मले'चं 'मला' करतात. साडूंचं उलट. चिडले की त्यांची वऱ्हाडी आणखी दाट होते. "साइटवाले यादी पायतीन, सर. यादीत नाई थे काऊन बसवतीन?"

"तुम्हाला जमत नसेल तर मी दुसऱ्या कुणाला देतो."

"हाव, द्या ना. पन कठडे गाळेल यादी माह्या हातून जानार नाई. लेकरं चढतीन त्या जिन्यावर."

फोन बंद झाला. मेहुणीबाई दारात येऊन उभ्या होत्या. घर त्याच कामावर चालत होतं. साडू त्यांच्याकडे बघेनात. ते पुन्हा पडद्याकडे वळले. म्हणाले, प्रत्येक वस्तूभोवती सॉफ्टवेअर एक न दिसणारा खोका धरतं, त्याचा मध्य काढू. काढला. सगळे कठडे पटापट बोलू लागले. "साडभाऊ, बोलले!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि त्या-त्या जागी पडद्यावर लाल ठिपके उमटवले. जिने वळणाचे होते. खोक्याचा मध्य आला दोन बाजूंच्या मधल्या पोकळीत. सगळे कठडे हवेत लटकत होते. मी म्हटलं, "भाऊ, हे धरायला लेकरांना पंख लागतील." ते हसले नाहीत. उठून ताटावर बसले.

वांग्याची भाजी वाढून होते न होते तोच पुन्हा फोन. यावेळी चिखलीचा कुरिअरवाला, ज्याला साडूंचं घर आजवर एकदाही सापडलेलं नाही. "भाऊ, पांदनीवर उभा हाव."

"पांदन का एका जागी असते का बे?" साडू कडाडले. "कुठून कुठलोक हाय, थे सांग!"

'कुठलोक', म्हणजे कुठपर्यंत, हे तोंडातून गेलं आणि साडूंचा घास हातातच राहिला. शेतांमधून जाणारी ती बैलगाडीची वाट. तिला 'कुठं आहेस' विचारून ती काय सांगणार? कठडाही तसाच. त्याला एक जागा नसतेच, त्याला वाट असते. साडू तसेच उठले, खरकटा हात पाठीमागे धरून डाव्या हाताने टाइप करू लागले. आता प्रश्न बदलला होता: कुठून निघालास, कुठं वळलास, कुठं संपलास? एकेक कठडा खालच्या पायरीपासून वरच्या टोकापर्यंत आपली वाट सांगत गेला. लाल ठिपक्यांच्या जागी जिन्याच्या अंगाने रेषा चढल्या. संध्याकाळच्या आत यादी गेली. कुरिअरवाला तेवढा परत गेला.

पुण्याहून फोनवर नुसता एक उंचावलेला अंगठा आला, आणि त्यानंतर काम आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या साहेबांचा अजून राग आहे. मी एकदा म्हणालो, "भाऊ, थोडं नमतं घ्यायचं होतं." साडू म्हणाले, "कोनत्या पायरीलोक?" आता ते चिखलीत लोकांच्या घरांचे नकाशे काढतात, आणि 'इथं खिडकी होत नाही' म्हणणाऱ्या गवंड्यांशी भांडतात. डोळ्यांखाली जरा काळं आलंय. आवाज तोच आहे.

परवा एका लग्नाला पुण्याला गेलो होतो. मुद्दाम वाकडी वाट करून ती शाळा बघायला गेलो. शाळा नुकतीच सुटली होती, आणि फाटकातून समोरचा जिना दिसत होता. एक बारकी पोर एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून, पायरी-पायरी मोजत खाली येत होती. जिना रिकामा झाल्यावर मी फाटकातूनच फोटो काढून साडूंना पाठवला. लगेच उत्तर आलं: "वरचं टोक दिसून नाई राह्यलं. बसवलं नाई, का फोटोत आलं नाई?"

रखवालदाराच्या विनवण्या करून आत गेलो, वरपर्यंत चढलो, टोकाला हात लावला आणि तिथून पुन्हा फोटो पाठवला. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. एवढ्या बोलणाऱ्या माणसाचं उत्तर आलं, त्यात दोनच शब्द होते.

"हाव. हाय."