दगडाजवळची वाट

गेल्या मंगळवारी सकाळी पिंप्राळ्यात घरी चहा घेत होतो. नानांचा फोन आला. "तो गेला रे... आपल्या दगडापाशी. तू ये."

नाना म्हणजे माझे थोरले काका. जामनेरच्या पलीकडे त्यांची केळीची बाग आहे. वाघाचं नाव ते कधी घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात.

मेलेल्या वाघाचा तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. ग्रुपवर फिरला, खाली शिव्या आल्या. त्याच फोटोत डाव्या बाजूला शेंदूर लावलेला एक दगड दिसतो... तो वाघदेव.

बागेच्या नाल्याकडच्या बांधावर तो आजोबांच्याही आधीपासून आहे. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला त्याच्यापुढे दूधभात ठेवतात. बागेला चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण, पण दगडाजवळ दोन हातांची जागा मोकळी. त्या जागेसमोर केळीची एक ओळ कधी लावलीच जात नाही... त्याला जायला.

तो खरंच तिथून जायचा. ओल्या मातीत पंजे दिसायचे. बागेत कामाला येणाऱ्या बायका ते ओलांडून जायच्या, पाय द्यायच्या नाहीत. इतक्या वर्षांत कुणाला ओरखडा नाही.

गेल्या वर्षी डुकरांनी त्याच मोकळ्या जागेतून येऊन केळीची कोवळी रोपं उकरली. मी दिवाळीला गेलो होतो. ओट्यावर सगळे बसले होते आणि मी म्हणालो, "नाना, पास वाघाच्या नावाचा आणि फुकट फिरताहेत डुकरं. बंद करा ती वाट, तार टाका."

सगळे हसले. नानाही हसले. मग म्हणाले, "त्याची वाट हाये ती."

"त्याला काय, तो दुसरीकडून जाईल," मी म्हणालो.

"तू शिकेल मानूस," नाना एवढंच म्हणाले.

मी कॉलेजात शिकवतो. शिकलेला म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन आहे... ते कुठे पडतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा तो दगडापासून हातभर अंतरावर कुशीवर पडला होता. तार छातीखाली होती. नानांनी विहिरीच्या मोटरवरून त्या दोन हातांच्या जागेतच करंट सोडला होता. संध्याकाळी लावायचे, सकाळी काढायचे. बाकी कुंपणाला काटेच होते. दुसरीकडून आला असता तर काटे पाहून वळला असता. तो नेहमीच्या वाटेनं आला.

शेजारचा एक जण म्हणाला, "नाना, खड्डा करू, वर पाला टाकू. कोनाले कळते?"

नाना म्हणाले, "त्याले कळते." वनखात्याला फोन त्यांनीच केला. हे फोटोत दिसत नाही.

दुपारी पंचनामा झाला. वनखात्याच्या माणसांनी नखं मोजली. अठरा भरली, म्हणजे सगळी होती. एका बाईनं लांबूनच हळदकुंकू टाकलं.

साहेबांनी विचारलं, "करंट कुणी सोडला?"

"मीच सोडेल हाये, साहेब."

"इतकी वर्षं वाट उघडी होती म्हणता. मग यंदाच का बंद केलीत?"

मी चार पावलांवर उभा होतो. हातात मोबाइल होता. उगाच त्यात पाहू लागलो.

"डुकरं येत होते," नाना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी साहेबांची परवानगी मागितली. टोपी काढून दगडापुढे ठेवली आणि वाघाच्या पंजावर डोकं टेकवलं. कुणीतरी तेव्हाही फोटो काढला. मग वाघाला नाल्याच्या काठावर जाळलं. धूर केळीत शिरला आणि तिथेच रेंगाळला.

नाना अजून कोठडीत आहेत. जामिनावर परवा सुनावणी आहे. काल मी काकूला भेटायला गेलो. ती दगडापाशी होती. त्या मोकळ्या जागेतल्या तारेच्या खुंट्या तिनं उपटून टाकल्या होत्या, माती झाडली होती.

मी तिला सांगितलं, "काकू, नानांना तार टाकायला मी सांगितलं होतं."

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली. "त्या दिवशी मीबी हसली होती." मग झाडलेल्या मातीकडे पाहत म्हणाली, "वाट उघडली मी. पन आता कोन येनार?"



उद्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन जबाब देणार आहे. त्यानं नानांची शिक्षा कमी होईल, असं वकील म्हणत नाहीत. तरी देणार आहे.

शिव्या देणाऱ्यांना मी थांबवत नाही. नानांनी माझं नाव घेतलं नाही... म्हणून ते मी इथे घेतो आहे.